आयोग दारात आला होता

…अहो, नसेल उघडायचं तर नका उघडू दार, पण निदान फटीतून बघाल की नाही कोण आलंय ते? तुम्हाला सांगते, आमचे हे, सुभेदार म्हणून रिटायर झालेला माणूस, तीस वर्षं फौजेत काढलेला, आणि आपल्याच दाराला आतून पाठ लावून उभा! बाहेर कोण? निवडणूक आयोग!

आता आयोग म्हणजे दिल्लीचे बडे साहेब नव्हेत हो, त्यांनी पाठवलेली माणसं. पंच्याऐंशीच्या पुढच्यांना बूथवर जाणं झेपत नाही, म्हणून मतपत्रिका घेऊन हेच घरी येतात. दोन साहेब, एक पोलीस, एक कॅमेरावाला. आमच्या सासूबाई, आक्का, सत्त्याऐंशीच्या. साताऱ्यात होत्या तेव्हापासून, इकडे हिंदी मुलखात आल्यावरही, एक मत चुकवलेलं नाही. गुडघे गेले म्हणून यांनीच हौसेनं फॉर्म भरून दिला… आणि विसरले! येणार असल्याचा मेसेज आला, तो फसवणुकीचा म्हणून पुसून टाकला. कारण हे आमच्या जवाहर नगरच्या ग्रुपचे ॲडमिन ना! 'पोलीस आणतील, कॅमेरा आणतील, सरकारी ओळखपत्र दाखवतील, दार उघडू नका,' असं रोज सकाळी सगळ्यांना पाठवणारे हेच. तर सोमवारी बेल वाजली, बाहेरून आवाज, 'चुनाव आयोग से आए हैं, माताजी का वोट लेना है,' आणि आतून आमचे हे, परेडच्या आवाजात, 'यहाँ कोई माताजी नहीं रहती!'

माताजी मागच्या खोलीत जप करत होत्या, कानानं कमी ऐकू येतं. मी भाजीला गेलेली. परत येते तो दारावर कागद. मतदार भेटले नाहीत, शुक्रवारी पुन्हा येऊ, ती शेवटची फेरी.

आक्कांना सांगावंच लागलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आयोग दारात आला होता, आणि ह्यानं दार उघडलं नाही." झालं, त्यानंतर यांच्याशी बोलणं बंद. मतलब साफ बंद. यांनी चहा दिला की तो गार होईपर्यंत नुसत्या बघत बसायच्या.

हे धावत कचेरीत गेले. बूथवर नेऊ द्या, खुर्चीसकट उचलून आणतो म्हणाले. तिथल्या बाबूनं सांगितलं की घरचं मत मागितलंत, यादीत नावापुढे खूण झाली, आता बूथवर चालायचं नाही. शुक्रवार चुकला की मत गेलं. आणि पुढच्या वेळेचा भरवसा कोण देणार हो, सत्त्याऐंशीव्या वर्षी? घरी आले ते तोंड एवढंसं करून, जेवलेसुद्धा नाहीत. मला रागही येत होता आणि कीवही येत होती.

शुक्रवारी सकाळी सहापासून दार सताड उघडं. एक कुत्रं आत येऊन गेलं, कुरियरवाला भैया दुसऱ्याचंच पार्सल ठेवून गेला, पण दार लोटायचं नाही! आक्का इरकली नेसून कोचावर, हातात मतदार कार्ड. बारा वाजले… तीन वाजले… हे संडासला गेले नाहीत, आता तुमच्यापासून काय लपवायचं! आणि आक्का मला, यांच्या देखत, "आयोग दारात आला होता गं." पावणेपाचला जीप आली. आली, आणि आमच्या फाटकावरून सरळ पुढे निघून गेली!

हे धावले. चौसष्ट वर्षांचा माणूस, अंगात बनियन, एका पायात चप्पल, अख्ख्या सेक्टरभर ओरडत, 'माताजी यहीं रहती हैं! यहीं रहती हैं!' लोक बाल्कनीत आले. जीप थांबली. साहेबांनी काच खाली केली, यांना वरपासून खालपर्यंत बघितलं, म्हणाले, "आवाज़ तो वही है. सोमवार को तो नहीं रहती थीं?" यांनी हात जोडले. मी तर तोंड फिरवलं, बघवेना.

मग घरात टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला, कॅमेऱ्यानं त्याच्याकडे पाठ केली. घरच्यांनी बाहेर व्हा म्हणाले. हे म्हणतात, आईला नीट दिसत नाही, मी मदतीला थांबतो. साहेबांनी आक्कांना विचारलं. आक्कांनी मोतीबिंदू काढलेले दोन्ही डोळे यांच्यावर रोखले आणि बोट दाराकडे केलं.

जिन्यात आम्ही दोघं. पाच मिनिटं झाली, आठ झाली… यांनी माझा हात धरला. "मंदा, खूण चुकली तर? सही जमेल ना तिला?" मी म्हटलं, जमेल हो. पण माझाही जीव टांगणीलाच होता.

दार उघडलं. सही झालेली, लिफाफा बंद, मत पेटीत. हे तिथंच पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले.

साहेब निघाले तशा आक्का काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आल्या, आणि चार दिवसांत पहिल्यांदा यांच्याशी बोलल्या. "प्रकाश, सांग साहेबांना. म्हणावं पाच वर्षांनी या, मी ब्याण्णवची असेन, दार मीच उघडीन. हा माझा लेक आहे ना, तो जरा भित्रा आहे."

साहेबांना मराठी कुठलं कळायला? ते यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग यांनी एकेक शब्द हिंदीत करून सांगितला, 'भित्रा'सकट. काय करणार, कॅमेरा चालू होता.