सात घरांपुढची खूण

"हॅलो?... हॅलो?"

सोमवारी दिवेलागणीपर्यंत संगिताताई कुणाशीच बोलत नसत. अकरा वर्षांचं व्रत होतं ते. पण सकाळी सातला जमीन गुरगुरली, देवघरातली समई हलली, आणि आता दुपारी तांड्यावरून तिसऱ्यांदा फोन वाजत होता.

"हो, हो, मीच बोलते, रूपामावशी... राहू द्या ते मौन. रडू नका आधी. काय झालं?... मिनाला? तुमच्या नातीला?... कुठं लागलं?... पत्र्यावरचा दगड? पत्रा सरकून आत पडला?... अगं माय! पायावर... कुरुंद्याच्या दवाखान्यात नेलं ना?... प्लास्टर घातलं. बरं. बोलून राहिलं ना लेकरू?... काय मागती, चिवडा? द्या, द्या तिला."

ताई पाटावर खाली टेकल्या. वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड उतरवायचे आणि पत्रे हुकांनी आवळायचे, हे काम गावच्या आराखड्यात त्यांनीच हट्टानं घालायला लावलं होतं. तांड्याची यादीही ग्रामपंचायत सदस्य म्हणून त्यांनीच केली होती.

"हो, यादी वाचली ना पंचायतीत... तुमच्या ओळीतल्या सातही घरांना हुक मंजूर न्हाईत. व्हय... न्हाई मावशी, तुमची काय चूक?... यादीच्या दिवशी तुम्ही हळद काढायला गेला होता, बरं... मिनाला दारात बसवलं होतं माझ्यासाठी?... मग?... ती म्हणाली, कुणी आलंच न्हाई... अन् तुम्ही?... मारलं तिला? खेळायला गेली अन् खोटं बोलती म्हणून?... माफी? माझी कशाला माफी मागता? अहो ऐका ना... मावशी, ऐका ना जरा..."

ताईंचा आवाज मुळातच हळू. आता तर तो त्यांचा त्यांनाच ऐकू येईना.

"मी आलेच न्हाई त्या दिवशी."

"...हॅलो? मावशी?... ऐकलं ते बराबर ऐकलं तुम्ही. सोमवार होता. यादी त्याच दिवशी द्यायची होती. तांड्यावर आले तर बोलावं लागंल, म्हणून घरी बसूनच सात घरांपुढं 'दगड नाहीत' अशी खूण केली... न बघता. व्हय... काहून? काय सांगू. तोंडातून शब्द गेला न्हाई ना, म्हणून व्रत पाळलं असंच वाटलं मला. दिवा लावून जेवले बी."

पलीकडे शेळी ओरडली.

"शिव्या तरी द्या मावशी... काय?... आज तुमच्यापायी माझं मौन मोडलं, त्याचं पाप तुम्हाला?... नका हो असं बोलू. ते तर त्याच सोमवारी मोडलं... ऐका. चारला ग्रामसभा हाय. आज आराखडा मंजूर झाला की यादी बदलत न्हाई. सातही घरांतली माणसं घेऊन या. मी सांगते... न्हाई, 'नजरचुकीनं राहिलं' असं न्हाई सांगणार. जे केलं तेच. देविदासभाऊ सरपंच हायेत, काय करायचं ते करू देत माझं... अन् दगड आत्ताच उतरवा. शेजारच्या प्रेमसिंगला वर चढवा, पत्रे दोरानं बांधा. हुक येईपर्यंत लिंबाखाली बसा... बरं, मिनाकडं द्या ना फोन."

मांडीवरच्या जपमाळेत ताईंची बोटं अडकून बसली होती.

"मिना... व्हय, मीच ती ताई... दुखतंय लई?... बाळा, त्या दिवशी तू खरं बोलली होतीस... किती वेळ बसलीस दारात?... दिवे लागेपर्यंत?"

त्या सोमवारी त्याच वेळी ताईंनी समईपुढं हात जोडून मौन सोडलं होतं.

"...हो, आजीला सांगितलं मी. आत्ताच... आणखी कुणाला?... पोरी चिडवतात तुला? खोटारडी म्हणून?... सगळ्यांसमोर सांगू?"

ताईंनी माळ सोडवून पाटावर ठेवली.

"सांगते. चार वाजता. सगळ्यांसमोर, तुझं नाव घेऊन... मिना?... हॅलो?... हॅलो?"