अख्खी दोरी फोटोत यावी म्हणून

...आणि वर म्हणतात कसे, "जावईबापू, अजून जरा मागे!" अहो, मागे म्हणजे कुठे? मागे नदी आहे! पुढे नदी, डावीकडे नदी, उजवीकडे नदी, मांडीपर्यंत पाणी, तेही इतकं गार की हे पाय आपले आहेत की कुणाकडून उसने आणलेत तेच कळेना, आणि हा माणूस काठालगतच्या खडकावर ऐटीत उभा राहून मला नदीच्या मध्यात पाठवतोय... तुम्हाला सांगतो, मला बायको आठवली, लेक आठवली, आणि का कोण जाणे, विमा एजंटही आठवला.

हा माणूस म्हणजे माझे सासरे. रिटायर झाल्यापासून मासे धरतात. साधेसुधे नाही हं! साधं असतं तर मी काठावर बसून शेंगदाणे खाल्ले असते. यांचं ते माशीवालं. म्हणजे पिसं आणि रेशीम गुंडाळून इवलीशी खोटी माशी करायची, तिच्या पोटात गळ लपवायचा, आणि ती लांबच लांब दोरी डोक्यावरून मागे-पुढे, मागे-पुढे नाचवत बसायची. का? तर माशाला वाटावं, माशी आली. आणि मासा लागला की फोटो काढून परत पाण्यात सोडायचा! मी एकदा विचारलं, "बाबा, मग धरायचा कशाला?" तर असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या मुलीला नावं ठेवली.

आता मीही फोटोग्राफरच. पण कसला? ओळखपत्रांचा! गिऱ्हाईक स्टुलावर बसवायचं, हनुवटी खाली, कान दिसू द्या, डोळे मिटू नका, झालं. ना गिऱ्हाईक हलत, ना जमीन हलत. पण यांच्या मासेवाल्यांच्या क्लबच्या कॅलेंडरला फोटो हवा, हवेत अख्खी दोरी वळणं घेतेय असा, आणि आमच्या हिने परस्पर सांगून टाकलं, "बाबा, हे काढतील ना, घरचाच फोटोग्राफर आहे!" अहो, मला पोहता येत नाही! पण सासऱ्यांना सांगणार कोण? त्यांच्यासमोर मला अजून जांभई द्यायलाही धीर होत नाही.

बरं, त्यांनी मला एक रबरी विजार दिली. पार छातीपर्यंत येणारी. सोबत एक पट्टा. म्हटलं, वा, कॅमेऱ्याच्या पिशवीला छान होईल, आणि घातला गळ्यात! तो पट्टा असतो कशासाठी, माहितीये? विजारीवरून कमरेला आवळायचा. म्हणजे पाय घसरलाच तर विजारीत पाणी भरत नाही. मला हे कधी कळलं? भरल्यावर!

तर, "अजून जरा मागे!" मी एक पाऊल मागे. खालचे दगड शेवाळलेले, साबण लावून ठेवल्यासारखे. पाणी कमरेला. "बाबा, आता येतेय की दोरी!" "टोक कापलं जातंय, अजून जरा मागे!" पाणी पोटाच्या वर. कॅमेऱ्यात सासरे दोन-दोन दिसतायत, भीती म्हणजे काय हे तेव्हा कळलं हो, खरंच सांगतो, घसा असा कोरडा पडला, एवढ्या पाण्यात! आणि तेवढ्यात त्यांना मासा लागला. गळाची काठी अशी वाकली! "मोठा आहे! जावईबापू, जन्मात असा लागला नाही! घ्या, घ्या फोटो, अजून जरा..."

गेलो मी. पाय गेला, विजारीत भसाभसा पाणी शिरलं, आणि जो मी खाली बसलो तो उठताच येईना, जणू पिंपात उभं करून कुणी नळ सोडलाय. कॅमेरा मात्र वर! एक हात वर, नाकातोंडात पाणी, आणि मी ओरडतोय, "बाबाऽऽ!"

त्यांनी माशाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत माशाकडे! तुम्हाला सांगतो, त्या माणसाने विचार केला! मी मरतोय आणि हे विचार करतायत! आणि मग... ती काठी, जी सासूबाईंना फडक्याने पुसायलाही देत नाहीत, ती दिली सोडून. माशासकट गेली वाहत. आणि हे तसेच धावले पाण्यात, मासे काढायची जाळी माझ्या डोक्यात अडकवली आणि ओढत ओढत नेलं काठावर.

मी खोकतोय, ते थरथरतायत. पांढरेफटक पडलेले. म्हटलं, "बाबा, काठी गेली हो तुमची..." तर माझा हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाले, "काठी जाऊ दे रे." रे म्हणाले मला, पहिल्यांदा! "मला पोहता येत नाही. घरी बोलू नकोस." मी म्हटलं, "बाबा, मलाही नाही."

आता दर रविवारी जातो. न जाऊन करता काय? म्हाताऱ्याला एकटं कसं सोडणार? निघताना बायको म्हणते, "बाबा आहेत ना सोबत, मग मला काही काळजी नाही." आणि तिकडे सासूबाई शेजारणीला सांगतात, "जावई असतात हो यांच्याबरोबर, मी अगदी निर्धास्त!"