डावीकडचा दिवा

हॅलो?… हो, मी गोमाजीच बोलून राहिलो. बोल सत्यभामा… हो बाई, तुहा बाप जेवला… मारोतराव, तुमच्या दुकानातला तो पंखा बंद करा जरा, पोरीचा ट्रंक कॉल आहे… हं, बोल.

कोण येते उद्या?… माही मोटार पाहाले? त्याले कोणं सांगतलं?… जावयानं? जावयाले म्हणा, मोटार माह्या नावावर आहे. इकाची नाही… अवं, आयक ना!

काय बिघडलं?… स्टेअरिंगवरची, वळणाच्या दिव्याची दांडी गेली? कोण म्हणते?… तो मिस्त्री? त्यानं मागचा दिवा उघडून तरी पाह्यला का?

मंग माहं आयक. दांडी निस्ता निरोप देते. डावं का उजवं, एवढाच. लुकलुक करवते ती इलेक्ट्रॉनिक डबी. ती हुशार आहे, करंट किती गेला थे पाह्यते. त्या बाजूचे सारे दिवे लागले तं सावकाश टिकटिक. एक बंद असला का भराभर… हो, हो, डावीकडंच भराभर वाजे. मंग? निरोप पोचलाच नसता तं डबी वाजली असती कायले?… मागच्या दिव्याच्या अर्थिंगले जंग होता. घासला. झालं!

काय?… तीन साल काहून नाही घासला?

…तुही माय बसे ना डाव्या बाजूनं. वळण आलं का मी म्हणो, “चंद्रभागा, हात.” थे खिडकीतून हात काढे. मांगचे ट्रकवाले थांबत. दिव्याचं कोणाले पडलं होतं?

…रडू नको, बाई… मी नाही रडून राहिलो. तेरवी झाली, महिना झाला.

काय म्हणतेस?… बाजूले आता कोण बसन? कोणी नाही बसत! म्हणून तं दिवा केला!

…नाही. एसटीनं नाही येत तुह्याकडं. जावयाचा हुकूम जावयाच्या घरी… एकटाच येतो, उद्या सकाळी. पवनी ते भंडारा, मले काय रस्ता दाखवता तुमी?

कोण?… तीन मिनिटं झाले? थांबा ऑपरेटर ताई, एवढं बोलू द्या… सत्यभामा, गिऱ्हाईकाले येऊ नको म्हण. आन जावयाले तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभं ठेव. डावा दिवा नाही लुकलुकला तं चाबी त्याच्या हातात देतो… हो, देतो म्हणतो ना!… आन लुकलुकला तं पुन्हा इकाचं नाव… हॅलो?… हॅलो?

कटला, मारोतराव. कटू द्या. मी येतो म्हणलो, थे आयकलं तिनं.