कुंकू लावलेला राउटर

अरे, जे. पी. नगरच्या खोलीतला आपला जुना राउटर आठवतो ना? नेटवर्किंगच्या पहिल्या सर्टिफिकेटसाठी आपण तिघं त्याच्यावरच तर शिकलो. दसऱ्याला घरमालकीण अक्का हळदकुंकू घेऊन वर आल्या होत्या. "तुमचं पोट ह्याच्यावरच ना? मग स्वल्प पूजा नको?" असं त्यांच्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणत त्यांनी त्याला इतकं कुंकू फासलं की पार पोर्टात गेलं. आपण काय वैतागलो होतो! पण पास झालो तिघंही.

आता अक्का नाहीत. राउटरही केव्हाच बंद पडलाय, पण माझ्या येलहंक्याच्या घरी शेल्फवर आहे. दसऱ्याला कुंकू मीच लावतो.

सर्टिफिकेटची मुदत संपत आली, म्हणून परवा रिन्यूअलसाठी घरूनच ऑनलाइन परीक्षेला बसलो. ते गेलं तर प्रोजेक्टही जाणार. लॅपटॉपवरून नजर ठेवणारा माणूस म्हणाला, "कॅमेरा फिरवून खोली दाखवा." दाखवली.

"ते लाल काय आहे? बंद करा."

"सर, देव कसा बंद करू?" म्हटलं, आणि अक्कांची सगळी गोष्ट सांगून टाकली.

मला वाटलं, संपलं सगळं. मग हळूच आवाज आला, "कॅमेरा जरा परत तिकडे न्या. पुढच्या महिन्यात माझंही रिन्यूअल आहे."