टर्बोचा लांबलेला व्यायाम

हॅलो?

… हो, साधनाच बोलतेय. कोण, बानू? अगं, किती स्पष्ट येतोय तुझा आवाज. रत्नागिरीची लाइन सुधारली वाटतं.

… कुठून?

… एअरपोर्टवरून. म्हणजे आपल्या, दुबईच्या? … नाही, आनंदच झाला, पण तुम्ही रविवारी येणार होतात ना? … अच्छा, आधीची सीट मिळाली. छान. छानच झालं. बॅगा आल्या का? … अजून नाही? मग बिलकुल घाई करू नकोस. आंबापोळी आणली असशील, कोकमं असतील. एकेक बॅग उघडून बघ, सांडलंय का ते.

… आवाज? काही नाही, घसा सुकलाय. एसी बंद आहे ना. … बिघडला नाही, बंद केलाय. … हो, ऑगस्टमध्ये. … असंच. प्रयोग म्हणून.

… टर्बो? टर्बो मजेत आहे. … खातो, खातो. दर आठ दिवसांनी एक उंदीर, फ्रीझरमध्ये आइस्क्रीमच्या डब्यामागे ठेवलेत. आमच्या ईशानीने तेव्हापासून आइस्क्रीम सोडलं, दोन किलो उतरली. … व्यायाम? बानू, व्यायामात एका दिवसाचा खंड नाही. तुझ्या अर्सलानने फ्रिजवर चिकटवलेला कागद मला रामरक्षेसारखा पाठ झालाय. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी पाच ते साडेपाच. दाराखाली टॉवेल, कमोडचं झाकण बंद, इस्त्री उचलून ठेवायची. उंदीर खाल्ल्यावर दोन दिवस बाहेर काढायचं नाही. हात धुवायचे, आधी आणि नंतर. या हातावरून त्या हातावर घ्यायचं, शिडी चढल्यासारखा जातो बघ. दोन महिन्यांत माझा आखडलेला खांदा मोकळा झाला गं. व्यायाम त्याचा, गुण मला.

… प्रकाश? ते देखरेख करतात. डायनिंग टेबलावर उभे राहून, स्टॉपवॉच घेऊन. … नाही, हात नाही लावला कधी. इन्शुरन्समध्ये आहेत ना, वाईट काय होऊ शकतं ते त्यांना आधी दिसतं.

… आजचा? आजचा व्यायाम… सुरू आहे.

… पाचपासून. … हो, सव्वासात झाले, घड्याळ आहे समोर. … जरा लांबलाय.

… लपवत नाहीये गं. ऐक ना. आज नागपंचमी आहे. … आमचा सण. नागाची पूजा करतात, बायका त्याला भाऊ मानतात. आता दुबईत, या करामा भागात कुठला आलाय नाग? चौदा वर्षं पाटावर चंदनाने काढून त्यालाच हात जोडतोय. मागच्या वर्षी शेजारच्या अनुराधाने काढला तर गांडूळ झालं त्याचं, तरी पुजलं. आणि या वर्षी माझ्या हॉलमध्ये खरा, बिनविषारी, साडेतीन फुटी, नियमित व्यायाम करणारा. मी फक्त अनुराधाला सांगितलं गं. शपथ घालून.

… सतरा.

… सतरा बायका आल्या. करामातल्या बारा, तिघी बर दुबईहून आणि दोघी थेट दीड तासावरच्या मुसफ्फाहून, नवऱ्यांची शुक्रवारच्या सुट्टीची झोप मोडून.

… छे छे, दूध नाही पाजलं. साप दूध पीत नाही, कागदावर लिहिलंय ना अर्सलानने. मी दारातच सगळ्यांच्या वाट्या काढून घेतल्या आणि चहा टाकला. हळदकुंकूसुद्धा त्याला नाही, पेटीच्या काचेला लावायला लावलं. शिस्त होती सगळी. फक्त एकेक जण येत राहिली ना. दार उघडा, टॉवेल सरकवा, परत लावा. ते आटपलं आणि आरती सुरू झाली. टाळ्या. सतरा जणींच्या. त्याला ऐकू येत नाही म्हणे, पण जमीन हादरलेली बरोब्बर कळते. तो माझ्या हातावरून उतरला आणि…

… हॅलो? … आहेस ना?

… नाही, घराबाहेर नाही गेला. सोफ्यात आहे. … सोफ्याखाली नाही, सोफ्यात. खालचं कापड एका जागी उसवलंय, तिथून आत गेला.

… तेच तर सांगतेय, कापता येत नाही. … कात्री आहे. प्रकाशनी काढली होती, मी परत ठेवायला लावली. अगं, नागपंचमीला काही कापत नाहीत, चिरत नाहीत. मी सकाळपासून कांद्याला सुरी लावलेली नाही, तवा ठेवलेला नाही, सगळं उकडून खाल्लं. आणि ज्याला आत्ता ओवाळलं त्याच्याच घरात कात्री घालू? … सोफा, हो. पण सध्या त्याचं घर तेच ना.

… उद्या सकाळी उजाडल्या उजाडल्या कापणार होते. मला काय स्वप्न पडलं होतं, तुम्ही आज उतराल म्हणून?

… बायका बेडरूममध्ये आहेत. दार लावून, आतून टॉवेल घालून. त्या टॉवेलला एवढीशी फट ठेवलेली नाही. ईशानीपण आत आहे, दर पाच मिनिटांनी विचारते, "मम्मा, इज इट ओव्हर?"

… काय म्हणालीस?

… बानू, हळू बोल, अर्सलान शेजारीच असेल ना तुझ्या. … नाही, कळतं मला. दोन वर्षं तू बाथरूममध्ये आधी झाडू फिरवून मग पाय ठेवतेस, माहीत आहे. पण "नाही मिळाला तर सुटलो" काय? … पळून गेला म्हणून सांगू? … हे बघ, जाताना त्याने तुमच्या घराची चावी दुसऱ्या कुणाला दिली असती तर मला वाईट वाटलं नसतं. त्याने टर्बो माझ्याकडे दिला. तो आठव्या मजल्यावरून पळाला असं मी त्या पोराच्या डोळ्यांत बघून सांगू? जमणार नाही मला. फोन दे त्याला. … दे म्हणते ना.

… हॅलो, अर्सलान? आधी ऐकून घे राजा. टर्बो सोफ्याच्या आत शिरलाय. दीड तास झाला. चूक माझी. तू कागदावर एका वेळी दोनच पाहुणे लिहिले होतेस, मी सतरा आणले.

…

… रडतोयस का?

… विचार करतोयस. बरं, कर.

… एसी बंद आहे. अंकलनी केला, उकडलं की बाहेर येईल म्हणून. … अहो, तो "स्मार्ट" म्हणतोय तुम्हाला. … अंकल सोफ्यावर उभे आहेत. टेबलावर आरत्यांची ताटं आहेत ना. त्यांचं म्हणणं, साप आत आहे म्हणजे वर नाही, तेव्हा वरची जागा सगळ्यात सेफ.

… अहो, अजिबात हलू नका म्हणतोय. … लाइट कमी करू? … केला.

… अर्सलान.

… दोन गाद्यांच्या मधून काहीतरी नारिंगी येतंय. … हो, जीभ बाहेर. … अंकलच्या पावलाशी. … पावलावर. … नाही, पायजम्याच्या आत नाही, वरून चढतोय.

… अहो, इकडे बघा, माझ्याकडे. झटकायचं नाही. ओरडायचं नाही. शेपटी धरायची नाही. हात खाली करा, त्याच्यापुढे धरा. … त्यांचा हात येत नाहीये रे. … अहो, स्वतःला झाड समजा. … हं. आता दुसरा हात पुढे. पकडायचं नाही, नुसता आधार द्यायचा. दोन महिने वरून बघताय ना.

… कोपरापर्यंत गेला. … खांद्यावर. … गळ्याभोवती जाऊ दे? नक्की? … अहो, जाऊ दे म्हणतोय, आवळत नाही तो. मफलर समजा.

… बसला रे. अंकलच्या कानाशी डोकं ठेवून बसला. … अंकलनी डोळे मिटलेत. ओठ हलतायत. … नाही, श्वास चालू आहे.

… तू येईपर्यंत असंच? … अहो, बॅगा आल्यात त्यांच्या, अर्धा तास. … अंकल हो म्हणतायत. म्हणजे नाही म्हणत नाहीयेत.

… थांब हं, बेडरूमचं दार उघडतंय. अनुराधा, हळू. कुणी बाहेर यायचं नाही म्हटलं ना. … अगं, अशा बघताय काय? … हो, श्रावण आहे. हो, गळ्यात नाग आहे. … डोळे मिटलेत, तेही खरं. पण बायांनो, ते इन्शुरन्समध्ये आहेत. … अगं, पदर कशाला घेताय डोक्यावरून?

… काय रे? हा आवाज? टाळ्या नाहीत, टाळ्या मी वाजवू देत नाहीये. नुसतंच म्हणतायत, हळू आवाजात. … आरती. … टर्बोची मघाशीच झाली. ही अंकलची.

… हसू नकोस, इथे सगळे सीरियस आहेत. अम्मीला सांग, सापडला म्हणून. … काय म्हणाली? … नुसतं "हं"? असू दे.

चल, ठेवते बाळा. माझंच ओवाळायचं राहिलंय.