ओट्यावरचं सूप

चोपड्याच्या लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला मी नंबरची वाट पाहत बसलो होतो. शेजारी नणंद-भावजय हळू आवाजात बोलत होत्या.

"रूपाली, काल सकाळी माझ्या ओट्यावर दुधीचं सूप कोणी ठेवलं असेल?"

"मला काय माहीत, अक्का? मी तर रावेरहून संध्याकाळी आले."

"घरात मी एकटी. दाराला आतून कडी."

"शेजारणीनं दिलं असेल. तुम्ही विसरला असाल."

"त्यात शेवग्याचा पाला होता. मीठ नव्हतं."

"अगं बाई! आईंना शुगर आणि बीपी होतं, तेव्हा चार वर्षं मी तसंच करून द्यायचे."

"म्हणून तर तुला विचारते."

"रोज कुरकुरायच्या, 'मेल्यावर तरी भाकर वाढशील का गं?' वर्षश्राद्धाला मी मुद्दाम दोन भाकरी जास्त वाढल्या."

"तू भाकरी वाढल्यास, आणि ती मात्र सूप करत फिरतेय."

"थट्टा नको, अक्का. तुम्ही प्यायलात का ते?"

"छे! बठ्ठं, थेंबन् थेंब मोरीत ओतलं. पण रात्रभर डोळा लागला नाही. आईची शुगर माझ्याच वयात निघाली होती. म्हणून आले तपासायला."

"तुम्हाला काही निघणार नाही. घाबरू नका."

"आज सकाळी पुन्हा होतं."

"सूप?"

"चांगलं वाफाळतं. तू अंघोळीला गेली होतीस."

"मग मला का नाही दाखवलंत?"

"कसं दाखवू? आज दोन वाट्या होत्या."

"सुगंधाबाई पाटील!" खिडकीतून हाक आली. अक्का उठल्या. त्यांच्या मागोमाग भावजयही उठली.

"भाऊ, माझंही रक्त घ्या."