दोन्ही काठांच्या सुशीलाबाई

आदरणीय अध्यक्ष भैय्याजी, मंचावर विराजमान पाहुण्या कमलिनीताई, आजच्या सत्कारमूर्ती सुशीलाबाई, आणि पावर हाउसपासून बोरसीपर्यंतच्या चारी दिशांनी, कुणी ड्यूटी बदलून तर कुणी चक्क बुडवून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी देवराव, पोलाद कारखान्यातला रोलिंग मिलवाला. बाईंवर दोन शब्द बोला, असा अध्यक्षांचा हुकूम आहे. बाई दोन शब्दांत मावतील का? आपल्या मराठी मंडळाच्या बालवाडीत त्यांनी आपल्या पोरांना वळण लावलं, ते सगळे सांगतीलच. त्यांनी मिशा आलेल्या माणसांना कसं वळण लावलं, ते मी सांगतो. तिसऱ्या रांगेत केवलरामजी बसले आहेत. त्यांनी आत्ताच नकारार्थी मान हलवायला सुरुवात केली आहे. हलवू द्या.

आमच्या दोघांचं तेव्हा बोलणं बंद होतं. कारण मोठं गंभीर. गणेशोत्सवाच्या नाटकात मी रणांगणावर मरत होतो. मरतानाचं भाषण दीड पानाचं, आणि पडद्याची दोरी केवलरामजींच्या हातात. माझं पहिलं वाक्य अर्ध्यावर, तोच पडदा खाली! मी आतून ओरडलो, "अरे, मी मेलो नाही अजून!" साऱ्या नाटकात लोक सर्वांत जास्त तिथंच हसले. सांगा, असा अपमान कोण विसरेल?

मग त्र्याऐंशीचा उन्हाळा आला. आपण वनभोजनाला जायचो तो खैरझिरी नाला आठवतो ना? मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत पाचोळ्याला कुठून ठिणगी लागली देव जाणे. दोन्ही काठांवरची जांभळं, करंज, बांबू, सारं जळून गेलं. बाई तिथं जाऊन आल्या आणि मंडळाच्या बैठकीत म्हणाल्या, "काठाला आता धरून ठेवणारं काहीच उरलं नाही. पहिल्या पुरात माती वाहून जाईल, अन् खालच्या गावानं नाल्यात खणलेले पिण्याच्या पाण्याचे झिरे बुजतील. दर रविवारी कोण येतं?" आम्ही सगळ्यांनी एकदिलानं छताच्या पंख्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या घरी. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि सहज म्हणाल्या, "केवलराम म्हणून राहिले होते, देवरावले फावडं काही पेलत नाही आता."

रविवारी उजाडता मी नाल्यावर हजर. पाहतो तर समोरच्या काठावर केवलरामजी, खांद्यावर फावडं घेऊन! बाईंनी त्यांच्याकडेही चहा घेतला होता. आणि स्वतः बाई? कोरड्या नाल्याच्या मधोमध, दगडावर, छत्री उघडून, मांडीवर चिवड्याचा डबा.

एक काठ माझा, एक त्यांचा. दगडांचे बांध घातले, नर्सरीतून आणलेली रोपं लावली, शेळ्या शिरू नयेत म्हणून बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं. बोलणं मात्र बाईंच्या मार्फत. केवलरामजी तिकडून म्हणायचे, "बाई, त्या काठाले सांगा, खड्डे उथळ आहेत." बाई वळून मला सांगायच्या, "केवलराम म्हणतात, तुमचे खड्डे पाहून मले हेवा वाटते." मी खुशीत आणखी हातभर खणायचो. बाई, अशी दुभाषी भोपाळच्या विधानसभेतही सापडायची नाही!

आषाढात नाल्याला पाणी आलं. मी धावत गेलो. नाला केवलरामजींच्या बाजूनं वळण घेतो, त्यामुळे सारा मारा त्यांच्याच काठावर. काठ कोसळत होता आणि हे गृहस्थ खाली उतरून रोपं वाचवत होते. पाय गाळात रुतलेला, पाणी मांडीपर्यंत आलेलं. आता निरोप कुणामार्फत पाठवू? मी ओरडलो, "केवलराम, रोपं सोड! माणूस हो, वर ये!"

ते ओरडले, "पाय निघून नाही राहिला! काहून उभा आहेस नुसता? ये ना!"

मी दोरी घेऊन उतरलो. त्यांना ओढलं, तो मीही पडलो. दोघं चिखलात लोळत वर आलो. खोटं कशाला सांगू, मला रडू येत होतं. केवलरामनं माझा हात सोडला नाही. तेवढ्यात मागून छत्री आली. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता, पण बोलणं? "झालं ना बोलणं सुरू? आता दोन्ही काठ दोघांचे. मी थकली निरोप सांगून."

अर्धी रोपं वाहून गेली, काही शेळ्यांनी खाल्ली. आम्ही पुन्हा लावली. बांबू धरला, जांभूळ धरलं. कोसळलेल्या काठाची उभी भिंत तेवढी उघडी राहिली. ती आम्ही बुजवायला निघालो, तर बाई आडव्या आल्या. त्या भिंतीत खंड्यानं बीळ केलं होतं. आगीनंतर नाल्यावर घरटं करणारा तो पहिला पक्षी. केवलराम म्हणाला, "पाहा, माझाच काठ पसंत केला." या विषयावर आमचं भांडण आजही चालू आहे, पण समोरासमोर.

आता बाई तुमसरला बहिणीकडे कायमच्या राहायला चालल्या. गेल्या रविवारी आम्ही त्यांना नाल्यावर नेलं. गुडघे साथ देत नाहीत. एका बाजूनं केवलरामनं धरलं, एका बाजूनं मी. पाण्यात पाय सोडून त्या जांभळाखाली बसल्या आणि दोन्ही काठांवरची झाडं एकेक करून मोजली. मग म्हणाल्या, "इथं माझ्या नावाची पाटी लावाल, तर येऊन उपटून फेकीन."

बाई, पाटी रंगवून झाली आहे. केवलरामच्या ओसरीत वाळते आहे. या रविवारी लागेल, तुमच्या पूर्ण नावानिशी, ठळक अक्षरांत. उपटायला या. आम्ही वाट पाहतो.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं आहे, म्हणजे आता थांबायला हवं. एवढा वेळ ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर चूक पदरात घ्या. केवलरामला लागला असेल, तर तो मला बाहेर भेटेलच.

नमस्कार.